एका तारेची रात्र

जुन्या जालन्यात, आनंदीस्वामींच्या मंदिराकडच्या एका गल्लीत माझ्या आत्याचं घर आहे. दगडी जोतं, लाकडी खांब, मधे फरशीचं अंगण. आतेभावाचं लग्न पार पडलं आणि त्याच अंगणात रात्री कुळाचाराचा गोंधळ घातला.

पुण्यात २०१० साली एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला, तेव्हापासून मी स्वतंत्र बँडांच्या मैफलींना जातो. सिनेमाच्या आधाराशिवाय आपलं गाणं आपणच रचणारी ती मुलं, निळसर धूर, छातीत घुमणारा बास हे सगळं मला मनापासून आवडतं. पण त्या रात्री अंगणात जे घडलं, ते मी आधी कधी अनुभवलं नव्हतं.

चौघे गोंधळी आले. पाटावर नवं वस्त्र, त्यावर तांदळाचा चौक, चौकात कलश, विड्याची पानं, नारळ आणि भोवती ज्वारीची पाच धाटं उभी केलेली. त्यांच्यातल्या मुख्य गोंधळ्यानं, म्हणजे नाईकांनी, अंगरखा घातला, गळ्यात कवड्यांच्या माळा चढवल्या. दिवटी पेटवली, तिच्यावर बुधलीतून तेल सोडलं आणि म्हणाले, "मालक, तेवढी ट्यूब बंद करा."

ट्यूब विझली आणि अंगण एकदम लहान झालं. जिथवर दिवटीचा उजेड, तिथवरच जग. संबळ घुमलं. त्याच्या मागे साठी ओलांडलेले एक बाबा तुणतुणं घेऊन उभे होते. पोकळ लाकडी नळा, तळाला कातडं, बाजूला ठोकलेली काठी, काठीच्या टोकाला खुंटी आणि ताणलेली एकच तार. रात्रभर तेवढाच एक सूर. नाईकांचा आवाज त्या सुरापासून लांब जायचा, चढायचा, थकायचा आणि पुन्हा त्याच्यापाशी येऊन टेकायचा.

आवाहन सुरू झालं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, एकेकाला गावाच्या नावानं बोलावणं. दर नावाला सगळे मिळून 'उदे' म्हणत होते आणि माणसं नकळत सरकून बसत होती, पाहुण्याला जागा करून द्यावी तशी. गोंधळ्यांत भवानीचे उपासक ते कदमराई, रेणुकेचे ते रेणुराई. ही विद्या त्यांच्या घराण्यांत तोंडी चालत आली. शेजारच्या परभणीच्या राजारामबापू कदमांसारख्यांनी ती मोठ्या रंगमंचांवरही नेली. पण तिचं मूळ घर असं कुणाचं तरी अंगणच.

मध्यरात्रीनंतर नाईकांनी जांभूळ आख्यान लावलं. शाहीर विठ्ठल उमपांनी रंगभूमीवर गाजवलेलं तेच. पाच पतींची द्रौपदी आणि तिच्या मनाच्या तळाशी लपलेला कर्ण. एका जांभळापुढे प्रत्येकाला मनातलं खरं बोलावं लागतं. तिची पाळी आली तेव्हा नाईकांनी हात वर केला. संबळ थांबलं, झांजा थांबल्या. राहिली ती एक तार.

माझ्या शेजारी आत्या वाती वळत बसली होती. नाईकांनी द्रौपदीच्या तोंडून कर्णाचं नाव घेतलं आणि आत्याचा हात थांबला. अर्धवट वळलेला कापूस तळव्यावर तसाच राहिला. ओट्यावरच्या बायकांत कुणी खोकलंसुद्धा नाही. अंधारात कुणी कुणाकडे पाहत नव्हतं, म्हणून प्रत्येकीला आपापल्या जागी बसून ऐकता येत होतं. ट्यूब का बंद करायला सांगितली, ते मला तेव्हा उमगलं. दिव्याच्या झगझगाटात माणसाला आपला चेहरा सांभाळावा लागतो. तो सांभाळायचं ओझं त्या दिवटीनं सगळ्यांच्या अंगावरून उतरवलं होतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

संबळ पुन्हा सुरू झालं तेव्हा कुणीतरी मोठा श्वास सोडला. आत्यानं हातातली वात पुरी केली.

पहाटे आरती झाली. उजाडताना बाबांनी खुंटी उलटी फिरवली, तार सैल केली, तुणतुणं जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलं. शिधा, दक्षिणा, चहा, सगळं झालं. चौघे निघाले तेव्हा आत्या दारापर्यंत गेली. बाबांच्या काखेतल्या त्या गुंडाळीला तिनं बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली.