त्रसरेणू

झाशीच्या खंडेराव गेटाच्या परिसरात मे महिन्यात सकाळी अकरानंतर कोणी दारेखिडक्या उघड्या ठेवीत नाही. लू वाहू लागलेली असते, पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास असतो, आणि वाऱ्याबरोबर येणारी धूळ देशावरच्या काळ्या मातीच्या धुळीसारखी मऊ नसते. बुंदेलखंडाच्या पोटात ग्रॅनाइट आहे, त्यावर मातीचा पातळ थर आहे, आणि अलीकडच्या काळात टेकड्या फोडून गिट्टी करणाऱ्या क्रशरांची त्यात भर पडली आहे. ही धूळ बोटांत चोळली तर कुरकुरते. दाराची फट, खिडकीची चौकट, छतालगतची पोकळी अशा मिळेल त्या वाटेने ती घरात शिरते आणि घरच्यांपेक्षाही निश्चिंतपणे मुक्काम करते.

या भागातल्या एका जुन्या दुमजली घरात माई आणि नाना राहतात. झाशीतील मराठी घरांपैकी काही नेवाळकरांच्या अमलात आली, काही पुढे रेल्वेच्या कारखान्याबरोबर आली. हे घर दुसऱ्या प्रकारचे. नानांची तीन पिढ्यांची नोकरी त्या कारखान्यातली. स्वतः नाना तेथूनच निवृत्त झाले आणि येताना दमा घेऊन आले. माई संस्कृतच्या अध्यापिका होत्या. त्यांचे माहेर वाईचे. वडील गेल्यावर त्यांच्या पोथ्यांची पेटी कोणी घ्यावी असा प्रश्न निघाला, तेव्हा भावांनी एकमेकांकडे पाहिले आणि माईंनी पेटी झाशीला आणली. लाल रुमालांत बांधलेल्या अडुसष्ट पोथ्या. त्यांत अपूर्व असे काही नाही. संहिता, प्रयोग, थोडे ज्योतिष, न्यायशास्त्राची एक-दोन प्रकरणे. तरीही ‘माझा प्रवास’मध्ये विष्णुभट गोडसे यांनी १८५८ च्या लुटीत झाशीच्या ग्रंथसंग्रहाची झालेली जी वाताहत नोंदविली आहे, ती वाचलेल्या माणसाला या शहरात पोथ्या आणताना हात थोडा आखडावा, हे स्वाभाविक होते. माईंनी पेटी माडीवर, मधल्या खोलीत ठेवली. तेथे लूट पोहोचणार नव्हती, धूळ पोहोचली.

केरसुणीने केर जातो, धूळ जात नाही. ती उठते, खोलीभर हिंडते आणि तासाभराने पुन्हा खाली बसते. हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते, पण त्याची तक्रार कोणी करीत नाही, कारण केरसुणीविषयी आपल्याकडे एक आदर आहे. लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहतात, तिला पाय लागला तर नमस्कार करतात. जनाबाईच्या अभंगांत साक्षात विठ्ठल तिच्याबरोबर केर भरू लागतो. गाडगेबाबांनी तर खराट्यालाच कीर्तनाची प्रस्तावना केले. अशा वस्तूत दोष काढायचा म्हणजे जिभेला जड जाते. पण नानांच्या डॉक्टरांची जीभ जड नव्हती. झाडणे बंद करा, ओल्या फडक्याने पुसा, आणि जमले तर व्हॅक्यूम क्लीनर घ्या, असे त्यांनी सांगितले. पोथ्यांच्या खोलीत ओले फडके चालणार नव्हते. (या यंत्राला परिभाषाकारांनी मराठी नावे सुचविली असतीलही, झाशीत तर त्याला नुसते ‘मशीन’ म्हणतात आणि कोणाचे काही अडत नाही.)

उत्तरेत धनत्रयोदशीला नवा झाडू घेण्याची रीत आहे. २०२१ च्या धनत्रयोदशीला माई झाडू घ्यायला म्हणून बाजारात गेल्या आणि झाडूबरोबर यंत्रही घेऊन आल्या. खोक्यावर ‘१६०० वॅट’ हे शब्द कंपनीच्या नावापेक्षा मोठे होते. दुकानदाराने काचेच्या फळीवर मूठभर शेंगदाण्याची टरफले टाकून ती एका क्षणात गडप करून दाखविली होती. माईंसारख्या चिकित्सक बाईने टरफलांवर विश्वास ठेवला याचे नानांना पुढे वर्षभर कौतुक वाटत राहिले.

यंत्र गरजे मोठ्याने. फरशीवरचे केस, कागदाचे कपटे, भाताची शिते ते उचली. पण फरशीच्या दगडांमधल्या सांध्यांतली धूळ तशीच राही, आणि मागच्या जाळीतून उष्ण वारा येई. त्या वाऱ्याला पोत्याच्या तळाशी येतो तसा वास होता. पहिल्यांदा बोलली ती घरकामाला येणारी बाई. तिने आपल्या बुंदेलीत सांगितले की, अम्माजी, हे पुढून खाते आणि मागून टाकते. तिला आपले काम जाण्याची धास्ती असेल असे समजून माईंनी ते मनावर घेतले नाही. पण संध्याकाळी दिवा लावताना देवघरातला काळाभोर शाळिग्राम राखाडी झालेला दिसला. नानांना त्या रात्री बसून काढावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माडीच्या पूर्वेकडील जाळीतून उन्हाची तिरीप आत आली तेव्हा माईंनी यंत्र तिच्याजवळ नेऊन चालू केले. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वजनमापांचा आरंभ ज्या कणापासून होतो तो त्रसरेणू म्हणजे जाळीतल्या उन्हात तरंगताना दिसणारा रज. वैशेषिकांच्या परंपरेत तो तीन द्व्यणुकांचा, म्हणजे सहा परमाणूंचा. वर्गात हे शिकविताना माई नेहमी खिडकीकडे बोट दाखवीत. आज त्यांनी जे पाहिले ते मात्र ग्रंथातल्यासारखे शांत तरंगणे नव्हते. जाळीतून फवारा सुटावा तशी ती तिरीप दाट झाली आणि पलीकडची भिंत दिसेनाशी झाली.

“अहो, जरा वर या,” त्यांनी हाक मारली, आणि लगेच म्हणाल्या, “नको, तुम्ही खालीच थांबा.”

विजेची वस्तू परत घेत नाही, असे दुकानदाराने अदबीने सांगितले. कंपनीने पिशवी बदलून पाहा असे सुचविले. पिशवी कापडी होती आणि झटकून पुन्हा वापरायची होती. यंत्र जिन्याखाली गेले. पैसे गेल्याचे दुःख होतेच, पण माईंना अधिक लागले ते वेगळेच. ज्या माणसाच्या श्वासासाठी वस्तू आणली तिनेच त्याचा श्वास कोंडला, आणि ती आपण पारखून आणली होती. त्यानंतर पाऊण वर्ष त्या विषयावर घरात कोणी बोलले नाही.

मग माईंनी या यंत्राचा अभ्यास आरंभिला. विद्यार्थ्याचा ग्रंथ अर्धवट लागला म्हणजे त्या मुळापासून सुरुवात करावयास लावीत. येथेही त्यांनी तेच केले. १९०१ मध्ये लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने हवा फुंकून धूळ उडविणारे एक यंत्र पाहिले आणि फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये असा प्रश्न केला. पुढे एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीला रुमाल लावून त्याने तोंडाने हवा ओढली. तो गुदमरला, पण रुमालाच्या खालच्या अंगाला काळा डाग उठला होता. बूथचे यंत्र घोडागाडीवरून नेण्याइतके मोठे होते. घरात मावणारे यंत्र पुढे अमेरिकेत ओहायोतील कॅन्टन गावी जेम्स मरे स्पँगलर याने बनविले. १९०८ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. तो एका दुकानात झाडलोटीचे काम करी, आणि त्याला दमा होता. धूळ धरण्यासाठी त्याने उशीचा अभ्रा वापरला होता. हे वाचून माई बराच वेळ थांबल्या. एका दमेकऱ्याने स्वतःसाठी केलेल्या वस्तूची वंशज आपल्या जिन्याखाली पडून होती आणि तिची कापडी पिशवी अजून अभ्र्याच्याच जातीची होती.

आडवे, जमिनीवरून ओढत नेण्याचे यंत्र इलेक्ट्रोलक्सने १९२१ मध्ये आणले. कॅनिस्टर म्हणतात त्या प्रकाराचे हे पूर्वरूप. उभ्या यंत्राचा फिरता ब्रश भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे असलेल्या घरांत शोभतो. दगडी फरशी, कोनाडे, जिन्याचे कोपरे आणि फळ्या असलेल्या घराला डबा मागे चालणारा आणि नळी हातात राहणारा प्रकारच सोयीचा. एवढा निर्णय सहज झाला. कठीण होते ते आकड्यांचे.

‘१६०० वॅट’ हा आकडा यंत्र वीज किती खाते ते सांगतो. काम किती करते ते सांगत नाही. काम दोन गोष्टींवर ठरते. पंखा हवेचा दाब किती उतरवतो ही एक, आणि सेकंदाला किती लिटर हवा वाहते ही दुसरी. नळीचे तोंड पूर्ण बंद केले की ओढ सर्वाधिक आणि प्रवाह शून्य. तोंड मोकळे सोडले की उलट. दोहोंचा मेळ जेथे बसतो तेथे धूळ निघते, आणि पिशवी भरत जाते तसा तो मेळ बिघडत जातो. युरोपीय संघाने २०१४ च्या सप्टेंबरपासून सोळाशे वॅटच्या वरच्या आणि २०१७ च्या सप्टेंबरपासून नऊशेच्या वरच्या यंत्रांना बाजार बंद केला. घरे काही त्यामुळे मळकी राहिली नाहीत. त्याच वेळी यंत्रांवर श्रेणीचे लेबल आले, आणि त्यात मागच्या वाऱ्यातून किती धूळ परत येते याचीही स्वतंत्र श्रेणी होती. माईंना हा रकाना म्हणजे आपल्याच अनुभवाची कोणीतरी घेतलेली दखल वाटली. पण डायसन कंपनीच्या दाव्यावरून युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने २०१८ च्या नोव्हेंबरात ते लेबलच रद्द ठरविले. विजेच्या वापराची चाचणी रिकाम्या धूळपात्रावर घेतली जाई, आणि घरातले यंत्र रिकाम्या पात्राने चालत नाही, हे त्यामागचे कारण. नाना हे ऐकून हसले आणि हसता हसता खोकले.

“म्हणजे तुझी टरफलं आणि त्यांची चाचणी सारखीच की!”

राहिली गाळणी. हेपा गाळणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या अणुप्रकल्पात किरणोत्सारी कण अडविण्यासाठी घडली. अमेरिकी मानकाप्रमाणे ती ०.३ मायक्रॉनचे शंभरातले ९९.९७ कण धरते. माईंनी खोक्यांवरचे शब्द वाचायला सुरुवात केली तेव्हा लक्षात आले की, कोठे नुसते ‘हेपा’ असते, कोठे ‘हेपासारखे’, आणि या ‘सारखे’ला काही प्रमाण नसते. उपमा आणि रूपक यांतला भेद आयुष्यभर शिकविलेल्या बाईला हे चांगलेच खटकले. शिवाय गाळणी कितीही उत्तम असली तरी तिच्या कडेला रबराची पट्टी नीट बसत नसेल तर हवा गाळणीला वळसा घालून निघून जाते. जुन्या यंत्राचे झाकण काढून त्यांनी पाहिले. तेथे पट्टीच नव्हती.

चक्राकार झोताने धूळ वेगळी करणारी, पिशवी नसलेली यंत्रेही त्यांनी विचारात घेतली. पिशव्यांचा खर्च वाचतो हे खरे. पण पात्र रिकामे करताना जो लोट उठतो तो कोणाच्या नाकात जाणार, हा प्रश्न या घरात खर्चापेक्षा मोठा होता. ओढताच तोंड मिटणारी कागदी पिशवीच हवी असे ठरले.

पुढच्या हिवाळ्यात सदर बाजारातल्या एका दुकानात माई गेल्या तेव्हा त्यांच्या हातात एक बांधलेली कागदी पुडी आणि नानांची रेल्वेतली जुनी बॅटरी होती. पुडीत माडीवरच्या फरशीची धूळ होती. दुकानदार तरुण होता. माताजी काय मागतात ते प्रथम त्याला कळेना. कळल्यावर त्याने मजा म्हणून शटर अर्धे ओढले आणि दिवे घालविले. धूळ फरशीवर पसरून, तिच्यावरून हात फिरवून ती दगडाच्या सांध्यांत बसविली गेली. पहिल्या यंत्राने तिरीप भरून टाकली. दुसरे बरे होते, पण नळीच्या सांध्याशी हात धरला तर वारा लागत होता. तिसरे आठशे वॅटचे, पहिल्या दोहोंपेक्षा महाग, आणि दिसायला अगदी सामान्य. ते चालू असताना बॅटरीच्या झोतात मागे जवळजवळ काही दिसले नाही. माईंनी ते पिशवी अर्धी भरेपर्यंत चालविण्याचा आग्रह धरला. त्यासाठी दुकानदाराला आपल्या गोदामाचा कोपरा द्यावा लागला. कोपरा स्वच्छ झाला. तो खूश झाला. त्याने भाव थोडा कमी केला आणि बारा पिशव्या दिल्लीहून मागवून दिल्या.

नानांचा दमा गेला नाही. तो यंत्राने जात नसतो. लू सुरू झाली की औषधाचा पंप अजूनही उशाशी लागतो. पण माडी साफ झाली त्या दिवशी ते वरच बसून राहिले, वर्तमानपत्र वाचत, आणि माईंनी त्यांना खाली जायला सांगितले नाही.

पोथ्यांना माईंनी त्यानंतर महिनाभराने हात लावला. हस्तलिखितांचे जतन करणारे लोक सांगतात त्याप्रमाणे ओढ अगदी कमी केली, नळीच्या तोंडावर धुतलेल्या मलमलीचा तुकडा दोऱ्याने बांधला, आणि मऊ कुंचल्याने पानावरची धूळ नळीकडे लोटत गेल्या. नळी पानाला लावली नाही. जीर्ण कागदाचा कपटा सुटला तर तो मलमलीवर अडावा एवढीच तिची सोय. घरकामाची बाई शेजारी बसून एकेक रुमाल सोडून देत होती. पहिली पोथी संपली तेव्हा मलमलीवर करड्या रंगाचे एक वाटोळे उमटले होते. वाईची धूळ किती आणि झाशीची किती, हे त्यात सांगता आले नसते. बाईने तो तुकडा धुवायला टाकू का म्हणून विचारले. माईंनी सदुसष्ट अजून राहिल्या आहेत असे सांगून दुसरा तुकडा बांधायला घेतला.