अति, पण कुणाच्या मापानं

इंग्रज माणसाला एखादी गोष्ट फारच झाली असं वाटलं की तो पुष्कळदा म्हणतो, 'अ बिट मच'. जरासं जास्त. जरासं म्हटल्यावर ऐकणाऱ्यानं निवांत राहावं, असं आपल्याला वाटेल. पण त्याच्या तोंडी त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'आता पुरे, हे खपवून घेण्यापलीकडचं आहे' असा असतो. आपण कॉलेजच्या कट्ट्यावर 'टू मच यार!' म्हणतो तेव्हा समोरच्याची पाठ थोपटत असतो. 'टू गुड' ही आपल्याकडे शाबासकी, आणि तिकडे 'टू' आला की मर्यादा ओलांडली. म्हणजे तिकडे थोडं म्हटलं की फार आणि इकडे फार म्हटलं की कौतुक. या दोन टोकांमध्ये मी गेले कित्येक आठवडे अडकून पडले आहे.

कारण आमच्या गावचा सिनेमा. पुण्यात शिकणारा माझा मावसभाऊ कॉलेजच्या चित्रपट मंडळात आहे. त्यांना मालेगावच्या सिनेमांवर एक कार्यक्रम करायचा होता. 'ताई, तू तिथलीच. पानभर इंग्रजी टिपण लिहून दे,' असं त्यानं सांगितलं. मी मराठी माध्यमातली. मालेगाव कॅम्पात डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. इंग्रजी टाइप रोज करते, मनानं लिहायची वेळ कधी आली नव्हती. म्हणून या सिनेमांबद्दल इंग्रजीत जे लिहिलेलं सापडलं ते आधी वाचायला घेतलं.

पहिला अडसर 'ओटीटी'. रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' २०२४ च्या सप्टेंबरात टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, २८ फेब्रुवारी २०२५ ला आपल्याकडे चित्रपटगृहांत लागला आणि पुढे ओटीटीवर आला. हे ओटीटी आपल्याला माहीत आहे. पण एका लेखात गावच्या जुन्या सिनेमांतला अभिनयच 'ओटीटी' म्हटलेला. जे सिनेमे सीडीवर आणि व्हिडिओ पार्लरमध्ये चालले, त्यांतला अभिनय ओटीटी कसा? शब्दकोश उघडला तेव्हा कळलं की दोन्हीकडे अक्षरं तीच, 'ओव्हर द टॉप'. सिनेमा केबलवाल्याच्या डोक्यावरून थेट घरात येतो म्हणून ते एक. दुसरं त्याहून जुनं. पहिल्या महायुद्धात सैनिक खंदकाची कड चढून गोळ्यांच्या माऱ्यात जायचे, त्या चढण्याला हे म्हणत. त्यातले कितीतरी परत आले नाहीत. तोच शब्द पुढे भडक कपड्यांना, मोठ्या लग्नांना आणि जोरात रडणाऱ्या नटांना लागला. हे वाचल्यावर मला तो सहज वापरवेना.

पुढे तर गर्दीच होती. जास्त अभिनय करणारा नट म्हणजे 'हॅम', डुकराच्या मांडीचं मांस. जुन्या काळी रंग उतरवायला नट डुकराची चरबी वापरत, त्यावरून हे आलं असं सांगतात. त्याहून जोर लावणारा नट 'सीनरी चावतो'. मागचा रंगवलेला पडदासुद्धा त्यानं सोडला नाही. लेखकानं शब्दांची उधळण केली तर गद्य 'जांभळं' होतं. ही तक्रार थेट रोमन कवी होरेसपासूनची आहे, साध्या कापडाला जांभळं ठिगळ लावल्याबद्दलची. एखादी मालिका ताणता ताणता हास्यास्पद झाली की ती 'शार्कवरून उडी मारते', कारण १९७७ मध्ये 'हॅपी डेज' या अमेरिकन मालिकेत नायकानं पाण्यावर घसरत खरोखरच तसं केलं होतं. आणि लिलीच्या फुलाला सोन्याचा मुलामा. शेक्सपियरच्या 'किंग जॉन'मध्ये मुलामा सोन्याला आहे आणि रंग लिलीला. लोकांनी वापरता वापरता मुलामा लिलीवर चढवला. फाजीलपणाबद्दलच्या वाक्प्रचारातच एवढी ओढाताण झालेली पाहून मला फार बरं वाटलं. भाषा जिवंत माणसं वापरतात याचा तो पुरावाच.

सगळ्यांत जास्त शब्द मात्र स्वयंपाकघरातले. पुडिंगमध्ये अंडी जास्त पडली, लोणी जाड थापलं, आणि सरळसरळ 'ओव्हरकुक्ड', म्हणजे प्रमाणाबाहेर शिजवलेलं. हा शेवटचा शब्द ते सिनेमाच्या कथेला लावतात, भाषणाला लावतात, वळणावर गाडी फार वेगात घालणाऱ्या शर्यतपटूलाही लावतात. इथं मी थांबले, कारण हा प्रांत मला कळतो. आमच्याकडे काळ्या रश्श्यासाठी सुक्या खोबऱ्याची वाटी थेट जाळावर धरतात. ती पेट घेते. कांदाही वरून कोळशासारखा होईपर्यंत भाजतात. बाहेरगावची सून पहिल्यांदा हे पाहते तेव्हा धावत येऊन गॅस बंद करते. पण आई ज्या क्षणी खोबरं ओढून घेते त्याच्या आधी रस्सा फिका होतो आणि नंतर कडू. काळं आहे म्हणून करपलं असं नाही. कुठवर जाळायचं याचंही माप असतं आणि ते साधं शिजवण्याच्या मापापेक्षा अवघड आहे.

हे लक्षात आल्यावर इंग्रजी शब्दांबद्दलची माझी अडचण मला नेमकी सांगता आली. त्यांतल्या बहुतेकांमध्ये कुणाचा तरी हात सुटलेला आहे. आचाऱ्याला अंडी मोजता आली नाहीत, नटाला आवाज आवरला नाही, लेखकाला मोह झाला. जास्त झालं म्हणजे चुकून झालं, हे त्यांनी आधीच धरून ठेवलंय. आपल्या शाळेत व्याकरणाच्या तासाला अतिशयोक्ती शिकवतात ती अलंकार म्हणून, उदाहरणासह आणि गुणांसह. दमडीच्या तेलात सासूचं न्हाणं आणि सासऱ्याची दाढी उरकून उरलेल्या तेलाच्या ओघळात उंट वाहून जातो, आणि ही कवीची चूक आहे असं एकाही बाईंनी आम्हाला सांगितलं नाही.

मग मी सिनेमेच पुन्हा पाहायला बसले.

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगते. मालेगाव मोसम नदीवरचं, यंत्रमागांचं गाव. १८५७ नंतर उत्तरेकडून विणकर कुटुंबं येत गेली आणि वसली. मागांना सुटी शुक्रवारी. त्या दिवशी कामगार सिनेमाला जायचा, आणि तिकिटाचे पैसे कमी असले तर व्हिडिओ पार्लरला. नासिर शेख यांचं असंच पार्लर होतं. चॅप्लिनपासून ब्रूस लीपर्यंत सगळं त्यांनी तिथं दाखवलं आणि ते पाहता पाहताच संकलन शिकले. २००० च्या सुमारास त्यांनी मित्रांना जमवून 'मालेगाव के शोले' केला. खर्च पन्नास हजारांच्या आसपास झाल्याचं सांगतात. ट्रॉलीच्या जागी सायकल आणि क्रेनच्या जागी बैलगाडी, या गोष्टी फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटामुळे आता जगाला माहीत आहेत. या गावचं नाव बातमीत बहुतेक वाईट कारणानंच यायचं. त्या माहितीपटानं ते दुसऱ्या कारणानं पोहोचवलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आता 'शोले'कडे पाहा. १९७५ चा मूळ सिनेमा सत्तर एमएममधला, रामनगरच्या खडकांतला, घोड्यांचा आणि आगगाडीचा. मालेगावात डाकू सायकलवरून येतात. म्हणजे इथं काय जास्त आहे? घोडा कमी, आगगाडी कमी, खडक कमी, पडदा लहान. कमी केलेलं नाही ते फक्त नटांनी स्वतःला. डाकूचा आवाज सत्तर एमएमचाच राहिला आणि खाली सायकल आली. हशा येतो तो या दोघांमधल्या अंतरामुळे. नटानं सायकलीच्या बेतानं आवाज उतरवला असता, तर पडद्यावर चार माणसं सायकलवरून बाजाराला निघालेली दिसली असती.

हे मला दिसलं आणि मी टाइप केलेलं सगळं बाजूला ठेवलं. समीक्षक ज्याला 'ओव्हर' म्हणतात ती खरं तर उणीव भरून काढण्याची कारागिरी आहे. पैसा जिथं कमी पडला तिथं अंग, डोळे, गळा पुढे केला. आणि किती पुढे करायचा हे ठरलेलं होतं, कारण समोरच्या बाकांवर बसलेल्या प्रत्येकाला मूळ 'शोले' संवादांसकट पाठ होता. अशा प्रेक्षकापुढे भलतंच काही करून निभावत नाही.

आमच्या दुकानात पावतीपुस्तकं छापायला येणारे एक चाचा आहेत, आयुष्य लूमवर गेलेलं. त्यांना मी विचारलं, "चाचा, ते लोक एवढं मोठ्यानं का करायचे?" ते म्हणाले, "बेटी, आधा शहर तो ऊँचा सुनता है. और थोडा करेगा तो पीछे बैठे हुए को क्या दिखेगा?" चोवीस तास खटखटणाऱ्या मागांशेजारी ज्यांचं तरुणपण गेलं त्यांच्याशी हलक्या आवाजात बोलून चालत नाही. हे मी इथंच जन्मून कधी मोजलं नव्हतं. पुण्याच्या वातानुकूलित सभागृहात तोच आवाज कानाला लागेल. मग अति कुणाचं, नटाचं की सभागृहाच्या शांततेचं?

आणि 'सुपरमॅन'. 'मालेगाव का सुपरमॅन'मध्ये ती भूमिका शफीक शेख यांनी केली. यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत माणूस, अंगावर निळा पोशाख, चड्डीचा नाडा लोंबतोय. त्यांना उडताना दाखवायला हिरवं कापड ताणलं गेलं. त्यांच्यासमोर घाणीवर आणि तंबाखूवर प्रेम करणारा खलनायक आहे, आणि त्यावर सगळे पोट धरून हसतात. शफीक यांना पुढे कर्करोगानं नेलं. ते कळल्यावर तो सिनेमा मी पुन्हा पाहिला. लोंबता नाडा तेवढाच विनोदी वाटला. त्यांनी एकाही दृश्यात अंग चोरलेलं नाही. त्यांच्यासाठी 'हॅम' हा शब्द मी वाचला तेव्हा मला राग आला, आणि त्या रागाबद्दल मला काही कमी करून सांगायचं नाही.

टिपणात शेवटी मी एकही तसला शब्द घातला नाही. काय घोड्याऐवजी आलं, काय क्रेनऐवजी आलं, कोण कुठं बसून पाहत होतं, एवढंच लिहिलं. मावसभावानं फोन केला. "ताई, 'सो बॅड इट्स गुड' असं एक वाक्य टाकूया का? मुलांना पटकन कळेल." म्हटलं, "आधी तो वाईट आहे हे मला दाखव, मग टाक." तो बराच वेळ बोलला. मला त्याचं पटलं नाही, पण त्यानं एक कामाची गोष्ट सांगितली. अमेरिकन लेखिका सुझन सॉन्टॅग यांनी १९६४ मध्ये 'कॅम्प' या आवडीवर एक निबंध लिहिला, क्रमांक घातलेल्या टिपांचा. अति केलेल्या, कृत्रिम गोष्टींवर माणसं इतका जीव का लावतात, याबद्दल.

तो निबंध आता मी शब्दकोश जवळ घेऊन वाचते आहे. एकेका टिपेला संध्याकाळ जाते. इतक्या दिवसांत भेटलेला हा पहिला इंग्रजी शब्द, ज्यात अतिरेकाकडे प्रेमानं पाहिलेलं आहे. पण त्यातही त्या म्हणतात की अस्सल कॅम्प घडतो तो मनापासून केलेलं गांभीर्य फसल्यावर. इथं मी पेन्सिलीनं समासात खूण केली आहे. शफीक यांचं गांभीर्य फसलेलं नाही. सायकलवरच्या डाकूंना आपण सायकलवर आहोत हे पक्कं ठाऊक होतं, आणि गाव कुठं हसणार तेही. त्या निबंधात जाणूनबुजून अति करणाऱ्यांबद्दलही लिहिलेलं आहे, असं बाकीची पानं चाळताना दिसतं. ती पानं अजून माझ्या इंग्रजीला जड जातात. चाचांना त्यातलं थोडं सांगितलं, तर त्यांनी विचारलं की या बाईंनी 'मालेगाव के शोले' पाहिला होता का. सॉन्टॅग २००४ मध्ये गेल्या. तेव्हा आमचा 'सुपरमॅन' उडायचा होता, पण 'शोले' येऊन चारेक वर्षं झाली होती.