भूशिर की टोक?

शाळेत 'भूशिर'ची व्याख्या घोकली होती: समुद्रात शिरलेला जमिनीचा भाग. जमिनीचं डोकंच ते! गंमत म्हणजे इंग्रजीतला 'केप'ही लॅटिनमधल्या 'डोकं' या अर्थाच्या शब्दावरूनच आलाय.

परवा मसोलीला आत्याकडे हा शब्द वापरला, तर ती हसली. "टोक म्हण की रे! वाढवणचं टोक." नकाशावर तेच 'वाढवण पॉइंट'.

३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचाय. जमीन संपते ते टोक. मग समोर समुद्रातच नवी जमीन आली, तर त्याला टोक म्हणायचं का? आत्याला विचारलं.

सुकट निवडता निवडता ती म्हणाली, "मासळी कुठे जाईल, ते आधी सांग."