कवीचा अधिकार

पद्यरचना करणाऱ्याने स्वतःस काय समजावे, या प्रश्नाला इंग्रज कवींनी दिलेली उत्तरे इतकी परस्परविसंगत आहेत की, एकाची सनद घेऊन दुसऱ्याच्या मुलखात शिरावे तर तिथे ती चालत नाही. वर्डस्वर्थला कवी हा चारचौघांतलाच, परंतु अधिक संवेदनक्षम असा माणूस वाटला; कीट्सने १८१८ च्या एका पत्रात कवीला स्वतःचे असे व्यक्तित्वच नसते, तो सदैव परकायाप्रवेशात असतो, असे सांगून वर्डस्वर्थपासून फारकत घेतली; आणि शेलीने १८२१ साली त्याला चक्क जगाचा कायदेकर्ता केले, फक्त त्याची सत्ता कोणी मान्य केलेली नाही एवढेच!

महाडात बसून कविता लिहिणाऱ्यास शेलीचा हा दावा पचणे कठीण. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला, पुढच्याच वर्षी इथल्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे दप्तरी नोंदविले, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी ते पाणी ओंजळीत घेईपर्यंत त्या ठरावाचा अंमल झाला नव्हता. मान्यताप्राप्त कायद्याची ही अवस्था, तर अमान्य कायदेकर्त्याने कशाच्या बळावर बोलावे? पुढे वामनदादा कर्डकांसारख्यांनी ती चळवळ गाण्यांतून गावोगाव नेली. त्यांनी कायदा केला नाही, ऐकणाऱ्याची मान ताठ केली. माझ्या मते कवीच्या अधिकाराची हद्द तिथवर पोहोचते, आणि ती काही लहान नव्हे.

जवळच्या शिवथरघळीत, परंपरेनुसार जिथे दासबोध रचला गेला तिथे, समर्थांनी कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार केले. मनास येईल ते धिटाईने जुळविलेले पहिले, इतरांचे ग्रंथ पाहून उतरविलेले दुसरे. स्वतःचे लिखाण तपासताना ही कसोटी मला कोणत्याही इंग्रजी प्रबंधाहून निष्ठुर वाटते, कारण चांगली वाटलेली ओळ बहुधा दुसऱ्या वर्गात जाते. तिसऱ्या प्रकारात कवी स्वतःस वगळतो आणि ती जागा ईश्वराला देतो; कीट्सने ती अंगणातल्या चिमणीलाही दिली असती.

पोलादपूरला ज्याची समाधी आहे त्या कवींद्र परमानंदास आजचा वाचक शिवाजीमहाराजांच्या पदरचा स्तुतिपाठक समजून बाजूस सारील. काशीच्या पंडितांनी विचारावे आणि त्याने सांगावे अशा बैठकीवर रचलेले, बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभीच तुटलेले त्याचे संस्कृत 'शिवभारत' मात्र निराळेच काही दाखविते. नायक ठरलेला, निष्ठा ठरलेली; तरी अफझलखानास बोलते करण्याची वेळ आली की त्याच्या मुखी खानास शोभेल असाच दर्प येतो, आणि तेवढ्यापुरता हा आश्रित कवी धन्याच्या शत्रूच्या अंगात शिरलेला असतो.