नोंद झाली का?

वीस वर्षे कारकुनी करून आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो. अर्ज कितीही चांगला लिहिलेला असो, आवक वहीत त्याची नोंद नसेल तर साहेबांच्या लेखी तो आलेलाच नसतो. वेबसाईटचेही तसेच आहे, हे आमच्या मंडळाला गेल्या वर्षी कळले.

वस्तीत मंडळाची मोफत अभ्यासिका आहे. तिथल्या पोरांनी खपून एक वेबसाईट तयार केली. अभ्यासिकेच्या वेळा, शिष्यवृत्तीच्या अर्जांची माहिती आणि वस्तीतल्या जुन्या गिरणी कामगारांनी सांगितलेल्या १९८२ च्या संपाच्या आठवणी, अशी एकूण ४० पाने. आठवणी सांगणाऱ्यांपैकी दोघे आज हयात नाहीत. पण गुगलवर शोधले तर एकही पान सापडेना. त्या दोघांपैकी एकाची नात मोबाईल घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, "काका, आजोबांचं नाव टाकलं तर काहीच येत नाही हो!"

तेवढ्यात एक एजंट हजर. "पाच हजार द्या, गुगलमध्ये नोंद करून देतो." आता आमच्या मंडळाची वर्गणी घरटी २० रुपये. धुणीभांडी करणाऱ्या भगिनी ती पदरची काढून देतात. पाच हजार म्हणजे अडीचशे घरांची वर्गणी! तेव्हा पैसे देण्याआधी प्रकरण समजून घ्यावे म्हणून आम्ही पोरांना घेऊन बसलो. आज गावोगावची मंडळे वेबसाईट काढत आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहोत.

पहिली गोष्ट, गुगल पाने तपासायला किंवा नोंदवायला पैसे घेत नाही. त्याचा एक प्रोग्राम रात्रंदिवस एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर फिरत असतो. जे पान वाचले आणि ठेवण्यासारखे वाटले, ते तो आपल्या सूचीत घालतो. आपण शोधतो तेव्हा गुगल जगभर धावत नाही, ही सूची उघडून पाहते. सूचीत नाव नाही, तर उत्तरात नाव नाही.

मग आमची पाने का राहिली? शोधता शोधता तीन कारणे हाती लागली. वेबसाईट तयार होत असताना अर्धवट पाने कोणाला दिसू नयेत म्हणून 'सूचीत घेऊ नका' अशी खूण लावण्याची सोय असते. साईट बांधून देणाऱ्याने ती खूण तशीच ठेवली होती. म्हणजे घर बांधले, पण दाराला बाहेरून कुलूप! दुसरे कारण, आठवणींच्या पानांकडे जाणारी लिंक कुठेच नव्हती. वाटच नाही तर पाहुणा येणार कसा?

तिसरे कारण आपल्या मराठी माणसांनी विशेष ध्यानात ठेवावे. त्या आठवणी डीटीपीवाल्याकडे जुन्या फाँटमध्ये टाईप झाल्या होत्या आणि त्यांचे फोटो काढून साईटवर चढवले होते. फोटोतली अक्षरे माणसाला वाचता येतात, यंत्राला ती धड वाचता येतीलच याचा भरवसा नाही. जुन्या फाँटचा मजकूर तसाच चढवला असता, तरी यंत्राला त्यात निरर्थक अक्षरेच दिसली असती. मजकूर युनिकोडमध्येच हवा. मोबाईलवर आपण मराठी लिहितो तेच युनिकोड. अभ्यासिकेतल्या मुलामुलींनी महिनाभर बसून सगळ्या आठवणी पुन्हा टाईप केल्या. आजोबांची आठवण नातीने स्वतः केली.

खूण काढली. पहिल्या पानावरून प्रत्येक पानाकडे लिंक दिली. सर्व पत्त्यांची एक यादी केली, तिला साईटमॅप म्हणतात, आणि ती गुगलच्या सर्च कन्सोल या मोफत सेवेत दिली. तिथे कोणते पान सूचीत गेले, कोणते राहिले आणि का राहिले, हेही कळते. जणू आपल्या अर्जाचा आवक क्रमांकच!

काही आठवड्यांत बरीचशी पाने सापडू लागली. सगळी नाही. दोन-दोन ओळींची काही पाने अजून बाहेरच आहेत. यादी दिली म्हणजे प्रत्येक पान घेतलेच जाईल अशी हमी गुगल देत नाही. म्हणूनच 'हमखास नोंद' विकणाऱ्यापासून सावध राहावे. तो आपल्या हातात नसलेली वस्तू विकत असतो.

वाचकहो, आपल्या मंडळाची साईट असेल तर आजच घरातल्या शिकत्या मुलाला बसवा. गुगलच्या शोधपेटीत इंग्रजीत 'साईट' हा शब्द, पुढे विसर्गासारखी दोन टिंबे आणि जागा न सोडता आपल्या साईटचा पत्ता लिहायला सांगा. आपली जी पाने सूचीत आहेत त्यातली बरीचशी समोर येतील. काहीच आले नाही, तर वर सांगितलेली तीन कारणे एकेक करून तपासा. आपल्या आईबापांनी काय सोसले, हे उद्या कोणी शोधायला निघेल. त्याला ते सापडावे, एवढी तजवीज आपल्याला बिनपैशात करता येते.