गणेशखिंडीतले दिवे

चौकातला गलका, मेट्रोचे खांब आणि हिंजवडीच्या दिशेने एकमेकांना रेटत निघालेल्या गाड्या मागे टाकून पुणे विद्यापीठाच्या फाटकातून आत शिरलं, की पहिल्या वळणावरच कानांना हलकं वाटू लागतं. फेब्रुवारीत तर जास्तच. सकाळी उन्हात उभं राहावंसं वाटावं आणि दुपारी वडाखालून हलू नये, असा हा पुण्यातला धड थंडीचा नाही आणि धड उन्हाळ्याचा नाही असा महिना. झाडणाऱ्या मावशींनी पहाटे लोटून ठेवलेला पाचोळा अकरा वाजेपर्यंत पुन्हा रस्ताभर पसरलेला असतो, त्यावरून चालताना आपल्याच पावलांचा आवाज आपल्या मागून आल्यासारखा वाटतो, आणि कुठूनतरी झाडीतून मोराची एक बेसूर, आर्त हाक येते. या महिन्याच्या दहा तारखेला, १९४९ साली, हे विद्यापीठ सुरू झालं. २०२४ मध्ये त्याला पंच्याहत्तर वर्षं झाली. अमृतमहोत्सव.

उत्सव म्हटला की दिवे आलेच. मुख्य इमारतीच्या काळ्या दगडावर रोषणाई चढली, की मनोरा अंधारातून नुसता सुटून वर आल्यासारखा दिसतो. सुंदर दिसतो, यात शंका नाही. पण ती रोषणाई पाहताना माझं मन काही केल्या आजच्या तारखेत थांबत नाही; ते मागे जातं, या घराच्या पहिल्या धन्यांकडे. मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांना पावसाळ्यात राहायला म्हणून बार्टल फ्रिअरच्या काळात, १८६४ साली, हे घर बांधायला घेतलं आणि १८७१ मध्ये ते पुरं झालं. एका माणसाच्या पावसाळ्यासाठी एवढा दगड घडवला गेला. छिन्नी धरणाऱ्या हातांना बांधून झाल्यावर पायरी चढायची मुभा नसणार, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

२२ जून १८९७च्या रात्रीही हे घर असंच उजळलं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून इथे समारंभ होता. आणि तिकडे शहरात, प्लेगने पोखरलेल्या पेठांमध्ये, कितीतरी घरांत दिवा लावायला माणूस उरलं नव्हतं. त्या रात्री समारंभातून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडच्या गाडीवर गणेशखिंडीच्या रस्त्यात चापेकरांनी गोळी झाडली, हे आपण शाळेतच शिकलो. मला मात्र त्या गोळीच्याही मागे जावंसं वाटतं, फक्त तीन महिने मागे. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, हडपसरच्या बाजूला माळावर डॉक्टर मुलाने उघडलेला दवाखाना, मार्चमधलं ते पांढरं, कोरडं ऊन, आणि मुंढव्याहून प्लेगने तापलेल्या एका पोराला पाठीवर घेऊन, धाप लागली तरी न थांबता, त्या दवाखान्याकडे चालत येणारी सहासष्ट वर्षांची बाई. साथीने अखेर त्यांनाच गाठलं. १० मार्च १८९७ला सावित्रीबाई फुले गेल्या.

जूनमध्ये ज्या घरात बँड वाजला, त्या घरावर आज नाव त्यांचं आहे.

हे नाव २०१४ साली लागलं. नुसत्या नावाने काही होत नाही, हे मला कळतं. नामांतर हा आपल्याकडचा सगळ्यात स्वस्तातला उत्सव आहे, पाटी बदलली की हार घालून मोकळं होता येतं. तरीही त्या इमारतीसमोर उभं राहिल्यावर आत काहीतरी हलतंच. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींना शिकवायला निघाल्या म्हणून ज्यांच्या लुगड्यावर शेण पडलं, त्यांच्या नावाची पदवी आज पारनेर, सिन्नर, इंदापूरच्या मुली सुरळी करून एसटीतून घरी नेतात. काळ कधी कधी असा हळूच, कुणाला न विचारता हिशेब चुकता करतो.

सुरुवात तशी बेताचीच होती. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. अठरा महाविद्यालयं, आणि पसारा मात्र बारा जिल्ह्यांचा. पुढे १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, आणि भावकीत वाटण्या व्हाव्यात तसे जिल्हे वाटले गेले. फक्त या वाटणीत कुणाचंच काही कमी झालं नाही.

आता जयकरांचं नाव कुणी कुलगुरू म्हणून घेत नाही. ‘कुठंयस?’ असं फोनवर विचारलं, की पलीकडून दबक्या आवाजात उत्तर येतं, ‘जयकरला बसलोय.’ ग्रंथालय म्हणायची गरजच उरलेली नाही. माणसाचं नाव असं रोजच्या बोलण्यात विरघळून जावं, यापरतं स्मारक मला सुचत नाही. तिथल्या टेबलांवर स्पर्धा परीक्षांचे ठोकळे, स्टीलच्या बाटल्या, जागा धरून ठेवलेल्या सॅका, डब्यातल्या लसणाच्या चटणीचा चोरटा वास. आणि मागच्या मांडण्यांकडे गेलं, की जुन्या कागदाचा तो किंचित आंबूस, किंचित गोड गंध, पिवळी पानं, आणि शेवटच्या पानावर डकवलेल्या चिठ्ठीवर तारखांचे जांभळे शिक्के. कुणीतरी पावसाळ्यात हे पुस्तक नेलं होतं, मग कितीतरी वर्षं कुणीच नाही, मग अचानक एका महिन्यात दोघांनी. शिक्क्यांच्या मधल्या त्या कोऱ्या वर्षांत पुस्तक काय करत असेल?

वाट बघत असेल.

पुढच्या पंचवीस वर्षांचा आराखडा, मानांकनं, नवं धोरण, चार वर्षांची पदवी, हे सगळं व्यासपीठावरून ऐकू येतं. ऐकायला हवंही. पण मला भविष्य आठवतं ते याच आवाराच्या एका कडेला, १९८८ साली उभ्या राहिलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत. ती उभारणाऱ्या जयंत नारळीकर सरांकडे मुलं सही मागायची आणि सर सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. कुणा खेड्यातल्या पोराने कंदिलाजवळ बसून, पेन्सिल चावत, ताऱ्यांबद्दल लिहिलेली ती दोन ओळींची वेडीवाकडी शंका! तिला उत्तर द्यायला कुणीतरी खुर्चीत बसलेलं असणं, एवढं साधं ते भविष्य. आज राज्यातल्या विद्यापीठांमधून फिरताना निवृत्त प्राध्यापकांच्या खोल्या दिसतात, दाराला कुलूप आणि नावाची पाटी काढल्यावर उरलेली खिळ्यांची भोकं. तिथे प्रश्न घेऊन आलेल्या मुलीने कुणाचं दार वाजवायचं? रोषणाईचा खर्च मला सलत नाही. ही भोकं सलतात. आधी त्या दारांवर पाट्या लागू देत, मनोऱ्यावरचे दिवे मग कितीही लावा.

संध्याकाळी ‘कमवा आणि शिका’ योजनेतली पोरं रबरी नळी ओढत झाडांना पाणी घालतात, तापलेली माती चुरचुरते, तिचा वास येतो, आणि वसतिगृहाकडून मेसच्या फोडणीचा. एवढ्यात जयकरमधले दिवे लागतात. काचेआडून माना खाली घातलेल्या ओळीच्या ओळी दिसतात. ती रोषणाई मला पुरते.

या विद्यापीठात तुम्ही कधीकाळी शिकला असाल, तर एक काम करा. घरातलं कपाट उघडून बघा. जयकरचं एखादं पुस्तक मुदत उलटून तिथे राहिलं असेल, तर दंडाची भीती न बाळगता नेऊन द्या. त्याच्या चिठ्ठीवर अजून शिक्के मारायला जागा आहे.