परतीचा करंट

नवापूर तालुक्यातल्या विसरवाडीत एका घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली प्रीमियर पद्मिनी १९७५ सालची. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. वडिलांनी ती जुनीच विकत घेतली तेव्हा मुलगा शाळेत जात होता. आज त्याने पन्नाशी ओलांडली आहे. गाडीच्या इंजिनात त्याला फारसा रस नाही. वेड आहे ते तिच्या दिव्यांचं.

ते लागलं कोंडाईबारी घाटात. धुळ्याहून रात्री परतताना ट्रकांची रांग अडकली की गाडी जागीच घुरघुरत राही, डॅशबोर्डवर लाल दिवा लागे आणि हेडलाइट पिवळे पडत. वडील अ‍ॅक्सिलरेटर दाबत, उजेड पुन्हा पांढरा. बिघाड काहीच नव्हता. जुन्या डायनामोला कमी फेऱ्यांवर पुरेशी वीज करता येत नाही. तेवढा वेळ सगळा भार एकट्या बॅटरीवर येतो.

खरे बिघाड पावसाळ्यात सुरू होत. नवापूर तालुक्यात पाऊस भरपूर, आणि पद्मिनीच्या मागच्या दिव्यांत पाणी शिरायला निमित्तच लागतं. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचा, इंडिकेटर दिला की टेललॅम्प लुकलुकायचा. घरच्यांना वाटे, गाडीत काही शिरलं आहे! महामार्गावर ट्रकांची वायरिंग करणारा वायरमन मात्र बल्बला हात लावत नसे. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर आणून तो दिव्याच्या पत्र्याला टेकवी. दिवा लख्ख झाला की म्हणे, “भाऊ, बल्ब चांगला आहे. अर्थिंग गेलंय.”

गाडीत दिव्यापर्यंत येते ती एक वायर. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. होल्डरचा स्क्रू गंजला की करंटची ती वाट बंद होते आणि तो शेजारच्या बल्बच्या तारेतून घरी जायला बघतो. म्हणून ब्रेकचा करंट इंडिकेटरमध्ये. उपाय साधा: स्क्रू काढायचा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा, ग्रीस लावून पुन्हा आवळायचा. रंगावर स्क्रू आवळून काही होत नाही. रंगातून वीज जात नाही.

पुढे मुलाने डिप्लोमा केला आणि वायरमनच्या अंदाजाला आकडे मिळाले. साठ वॅटचे दोन हेडलाइट मिळून सुमारे १० अँपिअर घेतात. वाटेतल्या जुन्या स्विचात, सैल कनेक्टरात मिळून ०.१ ओहम रोध असला तरी १ व्होल्ट तिथेच जळतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं तर उजेड मात्र जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. लोक अशा वेळी जास्त वॅटचा बल्ब बसवतात. हा उपाय उलटा आहे, कारण करंट वाढतो, स्विच आणखी तापतो. त्याने दोन रिले बसवले. आता दिव्यांचा भार फ्यूजमधून थेट बॅटरीवर, आणि स्विचवर पाव अँपिअरही नाही.

त्याच्या मुलीने एकदा इंडिकेटरला एलईडी लावून पाहिले, तर ते लुकलुकेचनात. जुना फ्लॅशर बल्बच्या करंटने तापतो, तेव्हाच उघडझाप करतो. एलईडीला लागतो तो करंट त्याला पुरत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणल्यावर ते चाललं. हेडलाइटला मात्र त्याने एलईडी लावू दिला नाही, आणि ते बरंच झालं. तो रिफ्लेक्टर तारेच्या बल्बसाठी घडवलेला आहे. एलईडीचा उजेड त्यातून भलतीकडे फाकतो आणि घाटात समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर येतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. रोज धावणाऱ्या टॅक्सीच नाहीत, तर त्यांच्या काचा आणि होल्डर दुकानात कोण ठेवणार? इकडे गाडीला पन्नास वर्षं झाली. २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करून ‘व्हीए’ अक्षरांची पाटी घेता येईल. पण मग रोजच्या वापराला ती चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशाच कामांना बाहेर काढायची. नवापूरला बाजाराला जाणं त्यात बसत नाही. मुलगी अर्ज भर म्हणून मागे लागली आहे. तो म्हणतो, आधी मागच्या उजव्या दिव्याची वायर बदलू, मग बघू.